इंटिरिअर डिझायनर नेमकं करतात काय?

खोलीचं दार आतल्या बाजूला उघडतं आणि दिव्याचं बटण नेमकं उघड्या दाराच्या मागे येतं. अंधारात आत शिरायचं, दार अर्धवट लोटायचं आणि मागे हात घालून भिंत चाचपायची. अशी खोली बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते. यात चूक कुणाची हे शोधायला गेलं तर सापडत नाही. इलेक्ट्रिशियनने सांगितलेल्या भिंतीवर, सांगितलेल्या उंचीला पॉइंट काढला. सुताराने दार सरळ, घट्ट, न कुरकुरणारं बसवलं. दोघांचंही काम चोख. दार कुठल्या बाजूला उघडणार आणि बटण कुठे येणार हे मात्र एकाच वेळी, एकाच कागदावर कुणी पाहिलं नव्हतं.

ते पाहणं हे इंटिरिअर डिझायनरचं काम. रंग, पडदे, उशा, झुंबरं हे सगळं त्यात येतं, पण बऱ्याच उशिरा. त्याआधीच्या शंभर निर्णयांवर जागा वापरायला सोयीची होणार की रोज थोडा थोडा त्रास देणार हे ठरतं. आणि हे निर्णय एकदा प्लास्टरच्या आत गेले की ते बदलायला भिंत फोडावी लागते.

या क्षेत्रातल्या चार माणसांची गल्लत नेहमी होते, ती आधी सोडवू. इमारतीचा आराखडा कसा असेल, खिडक्या-जिने कुठे, बाहेरून ती कशी दिसेल हे आर्किटेक्ट ठरवतात. काँट्रॅक्टर माणसं लावून, माल आणून प्रत्यक्ष बांधकाम करून देतो. डेकोरेटर तयार जागेत सामान, कापड, रंग, चित्रं यांची निवड आणि मांडणी करतात. ते कामही नजर असल्याशिवाय जमत नाही, त्याला हलकं समजायचं कारण नाही. इंटिरिअर डिझायनर या तिघांच्या मधे उभे असतात. इमारतीच्या कवचाच्या आत माणूस कसा वावरेल, हे ते आखतात. आतल्या हलक्या भिंती, छत, फरशी, दिवे, पाण्याचे आणि विजेचे पॉइंट, बसवलेलं फर्निचर, आवाज, हवा आणि आग लागली तर बाहेर पडायची वाट, हे सगळं त्यांच्या कक्षेत येतं.

आधी प्रश्न, मग पेन्सिल

चांगला डिझायनर पहिल्या भेटीत कॅटलॉग उघडत नाही. तो प्रश्न विचारतो, आणि ते बरेचदा खासगी वाटतात. सकाळी आधी कोण उठतं? रात्री उशिरापर्यंत दिवा कुणाला लागतो? घरात डावखुरं कोण? एकदा घालून झालेले पण अजून धुवायला न टाकलेले कपडे कुठे जातात? (ते खुर्चीवर जातात. जगातल्या प्रत्येक घरात अशी एक खुर्ची असते आणि आराखड्यात तिला कधीच जागा नसते.) पुस्तकं किती, या प्रश्नाला ‘खूप’ हे उत्तर निरुपयोगी असतं. फळीवर ओळीने लावली तर साडेसहा मीटर भरतात, हे उत्तर कामाचं. बूट किती जोड, सुटकेसा किती, वर्षातून एकदाच लागणाऱ्या वस्तू किती, हे मोजल्याशिवाय कपाटं आखली तर घर दिसतं छान, पण सहा महिन्यांत सामान बाहेर सांडायला लागतं.

ऑफिसच्या बाबतीत ही पद्धत रुजवण्याचं बरंचसं श्रेय फ्लोरेन्स नॉल यांना जातं. आर्किटेक्ट म्हणून शिकलेल्या या अमेरिकन बाईंनी १९४० च्या दशकात ‘नॉल प्लॅनिंग युनिट’ सुरू केलं. टेबलं मांडण्याआधी तिथे काम करणाऱ्या माणसांना काय लागतं, कोण कुणाशी बोलतं, कागद कुठून कुठे जातात हे शोधायचं आणि मगच आराखडा काढायचा, अशी त्यांची रीत. आपल्याला कुणी डेकोरेटर म्हटलेलं त्यांना पटत नसे.

प्रश्नोत्तरांत आणखी एक गोष्ट उघडी पडते. पैसे देणारा एक असतो आणि जागा वापरणारे वेगळे असतात. दुकानाचा मालक दुकानात तासभर येतो, काउंटरमागची मुलगी आठ-दहा तास उभी असते. दवाखान्याचं काम व्यवस्थापन देतं, कॉटवर पेशंट पडून असतो. घरातसुद्धा निर्णय घेणारं माणूस आणि ओट्यापाशी उभं राहणारं माणूस एकच असेल असं नाही. या न बोलणाऱ्या माणसांची बाजू बैठकीत मांडायची, ही माझ्या मते या व्यवसायातली सगळ्यात अवघड जबाबदारी. करारात ती कुठेही लिहिलेली नसते.

शरीराची मापं

कपड्यांचं कपाट ६० सेंटीमीटर खोल का असतं? हँगरची रुंदी साधारण ४५ सेंटीमीटर. त्यावर कोट किंवा जाड शर्ट लटकवला की खांद्यापासून खांद्यापर्यंत ५५ च्या आसपास जागा व्यापली जाते. त्यात दाराची जाडी आणि थोडी मोकळी हवा धरली की ६० होतात. खोली लहान आहे म्हणून कुणी ते ५० वर आणलं तर कपडे दारात अडकतात किंवा हँगर तिरके लावावे लागतात. सरकती दारं हवी असतील तर दोन पल्ल्यांच्या रुळासाठी आणखी सात-आठ सेंटीमीटर द्यावे लागतात. आता या कपाटासमोर पलंग किती लांब ठेवायचा? सरकत्या दारापुढे माणूस उभा राहून वाकू शकेल इतकीच जागा पुरते. उघडणारं दार असेल तर पल्ला पूर्ण फिरला पाहिजे आणि तो उघडा असताना माणूस मागे सरकू शकला पाहिजे. एका कपाटाच्या दाराचा प्रकार असा अख्ख्या खोलीची मांडणी ठरवतो.

जेवणाच्या टेबलाची उंची साधारण ७५ सेंटीमीटर, खुर्चीच्या बैठकीची ४५. मधल्या ३० सेंटीमीटरमध्ये मांड्या मावतात. टेबलाच्या कडेला प्रत्येकी किमान ६० सेंटीमीटर मिळाले तर कोपराला कोपर लागत नाही. व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला सुमारे १५० सेंटीमीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं. ही मापं पाठ असणं हा धंद्याचा पाया झाला. खरं कौशल्य ती कुठे मोडायची हे कळण्यात असतं. स्वयंपाकाच्या ओट्याची रूढ उंची ८५ ते ९० सेंटीमीटर आहे, पण योग्य उंची कोपरापासून मोजतात: उभं राहून कोपर वाकवलं की त्याच्या दहा-पंधरा सेंटीमीटर खाली. उंच माणसाला रूढ ओट्यावर तासभर चिरायला लावलं तर कंबर बोलायला लागते. भांडी घासताना तर हात ओट्याच्या पातळीच्याही खाली जातात, म्हणून सिंकपाशी तीच उंची आणखी कमी पडते.

स्वयंपाकघराचा विषय निघाला आहे तर फ्रँकफर्टचं उदाहरण सांगायलाच हवं. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी त्या शहराच्या नव्या घरबांधणी योजनेसाठी एक स्वयंपाकघर आखलं. आकार जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर. कारखान्यात कामगारांच्या हालचाली मोजून वेळ वाचवायचं जे तंत्र तेव्हा गाजत होतं, ते त्यांनी घरात आणलं. आगगाडीच्या डब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघरही त्यांनी अभ्यासलं. कामाचा ओटा खिडकीसमोर, बसून काम करता यावं म्हणून फिरतं स्टूल, भिंतीत दुमडणारी इस्त्रीची फळी, कोरड्या जिनसांसाठी ओढून बाहेर काढायचे अ‍ॅल्युमिनियमचे डबे. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली आणि आजच्या ‘मॉड्युलर किचन’ची पणजी म्हणून याच आराखड्याकडे बोट दाखवलं जातं.

पुढच्या पिढीने त्यावर टीकाही केली. त्या खोलीत एकच माणूस मावत असे. मदतीला दुसरं कुणी आत येऊ शकत नव्हतं, आणि काम करणारी बाई उरलेल्या घरापासून तुटली. पावलं वाचली हे खरं आणि बाई एकटी पडली हेही खरं. स्वयंपाकघर हॉलला उघडं ठेवायचं की दाराआड, हा प्रश्न आजही प्रत्येक घराच्या आराखड्यात येतो. तो फॅशनचा म्हणून सोडवला तर वास, धूर आणि आवाज या तिघांचा विचार राहून जातो. नियमाच्या बाजूने सोडवला तर माणसांचा.

उजेड आणि आवाज

दिवा निवडताना बहुतेक जण वॅट पाहतात. डिझायनर तीन वेगळ्या गोष्टी पाहतो. पहिली, पृष्ठभागावर उजेड किती पडतो. तो लक्समध्ये मोजतात. बोळात १०० लक्स पुरतात, लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर ५०० च्या आसपास लागतात. दुसरी, उजेडाचा रंग. २७०० केल्विनचा दिवा पिवळसर, ४००० चा पांढरा, ६५०० चा निळसर. एकाच खोलीत तिन्ही मिसळले की खोली आजारी दिसते. तिसरी, त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात. दुकानात पसंत केलेलं कापड घरी आणल्यावर वेगळंच दिसतं, त्याचं कारण बहुधा दिव्यात असतं. म्हणून अनुभवी डिझायनर रंगाचा नमुना खोलीतच, सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा दाखवतात.

वय हाही यात महत्त्वाचा मुद्दा. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. घरात आजी-आजोबा असतील आणि डिझायनर तिशीतला असेल, तर ‘मूड लाइटिंग’ त्याला रम्य वाटतं आणि आजोबांना पायरी दिसत नाही.

आवाजाकडे याहून कमी लक्ष जातं, कारण ड्रॉइंगमध्ये तो दिसत नाही. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काहीच कळत नव्हतं. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा आणि पुढचे शब्द त्यात बुडून जायचे. हे सोडवायचं काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, थोड्या थोड्या मांडायच्या, ऑर्गनचा एक पाइप वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, असा उद्योग त्यांनी रात्रीच्या रात्री केला. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ जितकं जास्त तितका आवाज जास्त घुमतो, आणि आवाज शोषणारे पृष्ठभाग जितके जास्त तितका कमी.

सव्वाशे वर्षांनंतरही हे सूत्र रोज मोडलं जातं. उंच छत, चकचकीत फरशी, काचेच्या भिंती, उघडं काँक्रीट. फोटोत अप्रतिम. चाळीस माणसं आत आली की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. जाड पडदे, गालिचा, कापडी पॅनेल, भरलेली पुस्तकांची फळी, आवाज शोषणारं छत यांपैकी काहीतरी आराखड्यातच असावं लागतं. नंतर चिकटवलेलं ठिगळ वाटतं.

सजावट जीव घेते तेव्हा

आवाज कमी करायला नेमकं काय लावलं यावर माणसं मेली आहेत. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये ‘द स्टेशन’ या नाइट क्लबमध्ये २० फेब्रुवारी २००३ रोजी स्टेजवरच्या शोभेच्या दारूने भिंतीवरच्या फोमला आग लागली. तो फोम आवाजासाठीच चिकटवला होता. १०० माणसं गेली. दहा वर्षांनी, २७ जानेवारी २०१३ रोजी, ब्राझीलच्या सांता मारिया शहरातल्या ‘किस’ क्लबमध्ये जवळपास तेच घडलं: छताला लावलेला फोम, स्टेजवरची आतषबाजी, विषारी धूर. २४२ मृत्यू. त्याच्याही आधी, २८ नोव्हेंबर १९४२ रोजी, बॉस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’मध्ये ४९२ माणसं गेली. तिथे कृत्रिम माडाची झाडं आणि छताखाली ताणलेलं कापड अशी सजावट होती. मुख्य दार गोल फिरणारं होतं, ते गर्दीने अडकलं. इतर काही दारं कुलपात होती, काही आतल्या बाजूला उघडणारी. मागून लोटणाऱ्या गर्दीपुढे आत उघडणारं दार उघडत नाही.

या दुर्घटनांना कारणं अनेक होती आणि सगळी डिझायनरच्या हातातली नव्हती. पण कापड, फोम, छत, दाराची दिशा या चारही गोष्टी इंटिरिअरच्या यादीतल्याच. म्हणून सार्वजनिक जागेत वापरायच्या प्रत्येक मालाचं आगीबाबतचं प्रमाणपत्र मागणं, बाहेर पडायची वाट फर्निचरने न अडवणं आणि आपत्कालीन दाराला ‘लूक’साठी पॅनेलिंगमध्ये न लपवणं, याबाबत डिझायनरने क्लायंटचंही ऐकायचं नसतं. कुठेही नियमांची पुस्तकं जाडजूड असतात, त्यांतलं प्रत्येक पान कुठल्या ना कुठल्या आगीनंतर लिहिलेलं असतं.

काही धोके याहून सावकाश काम करतात. प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड चिकटवायच्या काही सरसांमधून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. नव्या फर्निचरचा ‘नवा’ वास आला की खिडक्या उघडाव्यात, आणि बोर्ड निवडताना त्यातून किती वायू सुटतो याचा ग्रेड विचारावा. मुलांच्या खोलीत तर नक्कीच.

जागा चांगली असेल तर तीही शरीरावर परिणाम करते. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास छापला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे ४६ पेशंट. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत पाहणारे ८.७० दिवसांत, आणि झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. एका छोट्या अभ्यासावर इमले बांधू नयेत, पण कॉटचं तोंड कुठे करायचं हा प्रश्न क्षुल्लक नाही एवढं तरी त्यातून कळतं.

कागद आणि साइट

थ्रीडी चित्र पाहून क्लायंट खूश होतो. साइटवर त्या चित्राचा फारसा उपयोग नसतो. सुताराला, प्लंबरला, इलेक्ट्रिशियनला लागतात ती वर्किंग ड्रॉइंग: फर्निचरचा प्लॅन, प्रत्येक भिंतीचं समोरून दिसणारं रूप, छताचा उलटा नकाशा, विजेच्या पॉइंटची जमिनीपासूनची उंची, ड्रॉवर आणि बिजागऱ्यांचे बारकावे, कुठल्या पृष्ठभागाला कुठलं लॅमिनेट याची यादी आणि मालाच्या मोजमापांचा तक्ता. छताचा नकाशा सगळ्यात तापदायक. एसीचा डक्ट, दिवे, आग विझवायच्या पाण्याचे फवारे, पंखा, पडद्याची खोबण, सगळ्यांना तीच दहा-बारा इंच जागा हवी असते. कागदावर हे भांडण मिटलं नाही तर ते शिडीवर होतं.

क्रमही ठरलेला. तोडफोड, पाइप, वायरिंगच्या नळ्या, वॉटरप्रूफिंग, छताचा सांगाडा, फरशी, सुतारकाम, रंग, मग दिवे आणि नळ. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगनंतर फरशी लावण्याआधी पाणी भरून किमान एक दिवस ठेवतात आणि खालच्या छताला ओल येते का पाहतात. हा दिवस वाचवायचा मोह प्रत्येक घाईतल्या साइटवर होतो. त्या वेळी ठाम नाही म्हणणं हे डिझायनरचं काम. शेवटी स्नॅग लिस्ट येते: कुठलं दार घासतं, कुठे रंगाचा ओघळ आहे, कुठला ड्रॉवर पूर्ण बंद होत नाही. ती खोलीत गुडघ्यावर बसून करावी लागते.

एक सीमा मात्र पक्की. भिंत पाडायची किंवा तिच्यात मोठं भोक पाडायचं असेल तर ती भार पेलते की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी सांगायचं. ठोकून पाहून अंदाज बांधणारा डिझायनर कितीही नावाजलेला असो, त्याच्या हाती हातोडा देऊ नये.

पैशांचं उघड बोलणं

डिझायनरची फी कुठे एकरकमी असते, कुठे क्षेत्रफळावर, कुठे तासावर, कुठे एकूण खर्चाच्या टक्क्यांत. टक्केवारीत एक अडचण आहे: खर्च वाढला की फी वाढते. त्यामुळे बजेटची कमाल मर्यादा आधी लिहून घ्यावी. याहून नाजूक भाग म्हणजे दुकानदारांकडून मिळणारं कमिशन. ते घेणारे सगळेच अप्रामाणिक असतात असं नाही, पण क्लायंटला न सांगता घेतलं तर ‘हीच टाइल का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर क्लायंटला कधीच मिळत नाही. विचारायला संकोच वाटतो, तरी पहिल्याच बैठकीत विचारावं. सरळ माणूस सरळ सांगतो.

करारात आणखी काही गोष्टी हव्यात. फीमध्ये किती वेळा आराखडा बदलून मिळेल, साइटवर डिझायनर आठवड्यातून किती वेळा येणार, ठरलेला माल बाजारात नसेल तर पर्यायाला मंजुरी कोण देणार, आणि काम सुरू झाल्यावर क्लायंटने मनात आणलेल्या बदलांचा खर्च कसा मोजणार. हा शेवटचा मुद्दा भांडणांचं माहेरघर आहे. ‘जरा ती भिंत दोन इंच सरकवा ना’ हे वाक्य फोनवर बोलायला पाच सेकंद लागतात. त्यामागे पाच ड्रॉइंग बदलतात, कापून ठेवलेलं प्लाय वाया जातं आणि सुतार चार दिवस दुसऱ्या साइटवर निघून जातो. म्हणून बदल कितीही लहान असो, तो लिहून, खर्च आणि वाढणारे दिवस टाकून, सही घेऊनच करायचा. आणि काम संपलं की भिंतीत दडलेल्या पाइप-वायरींचे फोटो, रंगांचे नंबर, यंत्रांची वॉरंटी कार्डं एका फाइलमध्ये घालून ताब्यात घ्यायची. पुढे कधी खिळा ठोकायचा झाला तर पाइप कुठून गेलाय, हे त्या फोटोंवरून दिसेल.